दहा घरांचं पिंप

आयर्लंडमधल्या शॅनन गावातल्या आमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे हॉट प्रेस. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हॉट प्रेस म्हणजे जिना चढून वर गेलं की समोर दिसणारं ते उबदार कपाट, ज्यात गरम पाण्याची टाकी असते. शेजारच्या घरांत त्यात टॉवेल आणि चादरी असायच्या. आमचे टॉवेल कायम दमट, कारण त्यांची जागा आईनं केव्हाच बळकावली होती. वरच्या फळीवर इडलीचं पीठ, मधल्या फळीवर विरजण लावलेलं दूध, हिवाळ्यात ज्वारीच्या आंबिलीचा झाकण ठेवलेला गंज. आणि आतली ऊब जास्त होते म्हणून दाराबाहेर ठेवलेली, घट्ट झाकणाची, बिअरची पांढरी बादली. त्या झाकणात बसवलेल्या पाण्याच्या नळीतून दर काही सेकंदांनी ‘बुडुक’ असा आवाज यायचा. बिअर नवी असली की तो इतका भराभर यायचा की खोलीत अभ्यास करताना माझा पाय त्या तालावर हलायला लागायचा. बाबा खालून ओरडायचे, “अगं, वर कुणी हुक्का ओढतंय का?” हा विनोद त्यांनी किमान शंभर वेळा केला असेल. आई दर वेळी हसायची.

आई मूळची नागपूरची. एका कारखान्यात ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. औषध भरलेल्या सुया तिथे तयार व्हायच्या. दिवसभर पांढऱ्या झग्यात, डोळ्यांवर चष्मा लावून, कुठल्या काचेच्या ताटलीत एखादा जंतू उगवला आहे का, हे शोधायचं तिचं काम. एकही उगवला नाही तर दिवस चांगला गेला. घरी आली की झगा उतरवून तीच बाई यीस्टच्या पाकिटाला “उठा आता, जेवायची वेळ झाली” असं म्हणत कोमट पाण्यात सोडायची. बिअर करायला ती कशी लागली, ते मला नीट आठवत नाही. कारखान्यातल्या कुणीतरी एक जुनी बादली आणि मोड आणून भाजलेल्या सातूचं पोतं दिलं होतं एवढं आठवतं. पिण्याची तिला हौस नव्हती. डाळीला मीठ बरोबर पडलं का बघावं तशी ती वाटीतून एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि वहीत काहीतरी लिहायची. बाबा तर थेंबालाही शिवत नसत, पण पंचवीस किलोचं पोतं गाडीतून काढून मागच्या दारापर्यंत नेणं हे काम त्यांचं, आणि ते त्यांनी कधी टाळलं नाही.

उकळून झालेल्या सातूचा चोथा उरायचा, तो आई फेकू द्यायची नाही. कांदा, कोथिंबीर, तिखट आणि थोडं बेसन घालून त्याची थालीपिठं व्हायची. बाहेर खाडीवरून येणारा वारा खिडक्या हलवत असायचा, विमानतळावर एखादं विमान घरघरत उतरत असायचं, आणि आम्ही तिघं लोण्याबरोबर ती जरा खरखरीत, गोडसर थालीपिठं खायचो. गणपतीला जिथे आम्ही सगळे मराठी लोक जमायचो, तिथे एकदा एका काकूंनी मोदकाच्या ताटावरूनच विचारलं, “काय हो मृणालताई, तुमच्याकडे म्हणे दारू गाळतात?” आई म्हणाली, “गाळत नाही हो, आंबवते. गाळायला परवाना लागतो.” काकू पुढचा मोदक वळायला लागल्या. मी मात्र लाजेनं लाल झाले होते. सोळा वर्षांची होते. आईबद्दल कुणीही काहीही बोललं की मला जमीन दुभंगावीशी वाटे. तेव्हा मी घरातही इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. आई मराठीत बोलायची, मी तिच्या गावच्या भाषेला क्लेअर परगण्याच्या हेलात उत्तर द्यायचे, आणि आमचं दोघींचं उत्तम चालायचं. मराठी लिहायला-वाचायला मी फार उशिरा, ती थकल्यावर, तिला पत्रं वाचून दाखवता यावीत म्हणून शिकले.

घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दहा घरं, त्यात आई एकटी बाई आणि एकटी बाहेरची. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सगळे डेक्लनच्या शेडमध्ये जमायचे. डेक्लन हे विमानाच्या हँगरमधून निवृत्त झालेले फिटर. तिकडे सगळ्यांना नावानंच हाक मारायची पद्धत, पण घरी मराठीत त्यांच्याबद्दल बोलताना आमचं क्रियापद आपोआप आदरार्थी व्हायचं. त्यांची बायको सफरचंदाचा टार्ट करायची, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जायचे. दुसरे फर्गल. ते माझ्या शाळेत मला गणित शिकवत, सोमवार ते शुक्रवार सर, आणि रविवारी बाटली हातात धरून “यात जरा कडवटपणा जास्त नाही का?” असं विचारणारे. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या बिअरमध्ये मसाला आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं होतं. वर्षभरात मात्र चित्र पालटलं. कुणाची बिअर बिघडली की लोक आईकडे बाटली घेऊन यायला लागले. ती वास घ्यायची आणि सांगायची, “झाकण उघडं राहिलं होतं,” किंवा “घाई केलीस, अजून दहा दिवस हवे होते.” ती नेहमी बरोबर असायची.

मग डेक्लननी पिंप आणलं. ओकच्या लाकडाचं, लोखंडी पट्ट्यांचं, माझ्या कमरेइतकं उंच. आधी ते अमेरिकेत होतं, त्यात तिकडची व्हिस्की मुरली. मग जहाजातून इकडे आलं आणि कित्येक वर्षं इकडची व्हिस्की मुरली. आता ते कुणाला नको होतं. डेक्लननी बूच काढलं आणि सगळ्यांना एकेक करून वास घ्यायला बोलावलं. मी वाकले. आतल्या काळोखातून जळकं लाकूड, व्हॅनिला, मनुका आणि नाकाला झोंबणारं काहीतरी एकदम वर आलं. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “वास हवा तेवढा घे. चव अठरा पूर्ण झाल्यावर.”

पिंप दोनशे लिटरचं. एका घराची बिअर वीस लिटर. अर्धं भरून ठेवलं तर आतल्या हवेनं सगळं बिघडतं, म्हणून दहाही घरांनी एकाच कृतीची काळी, दाट बिअर करायची, एकाच दिवशी आणून ओतायची आणि वर्षभर लाकडात मुरू द्यायची, असं ठरलं. आई लगेच उभी राहिली. “एक गोष्ट लक्षात घ्या,” ती म्हणाली. “एका घराची खराब असली, तर दहा घरांची खराब होईल.” मग तिनं नियम सांगितले. भांडी कशी धुवायची, कशानं निर्जंतुक करायची, किती वेळ. आणि ओतायच्या आधी प्रत्येकानं आपल्या बिअरची एक छोटी बाटली तिच्याकडे द्यायची. ती नावानिशी ठेवेल. बाटल्यांवरची नावं मी लिहिली. फर्गल म्हणाले, “परीक्षा आहे की काय?” आई म्हणाली, “हो.”

भरायच्या दिवशी लोक बादल्यांना गाडीचे पट्टे लावून आले होते, लहान मुलांना बसवतात तसे. सगळ्यात शेवटी ओवेन आला. ओवेन म्हणजे पंचविशीतला शेतकरी, स्वतःच्या आईबरोबर राहायचा, साठेक गाई सांभाळायचा. फार बोलायचा नाही. बोलायच्या आधी टोपी मागे सरकवायचा. त्याच्या बुटांना चिखल होता आणि बिअर दुधाच्या जुन्या स्टीलच्या कॅनमध्ये होती. फर्गलनी आधी बुटांकडे पाहिलं, मग आईकडे. आईनंही बुटांकडे पाहिलं होतं. मी पाहिलं तिला पाहताना.

पिंपाच्या तोंडाच्या फळीत डेक्लननी एक बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा ठोकला होता. महिन्यातून एकदा तो पकडीनं उपसायचा, दोऱ्याइतकी बारीक काळी धार ग्लासात घ्यायची, आणि खिळा परत ठोकायचा. पहिल्या महिन्यात नुसतं लाकूड लागलं म्हणे. दुसऱ्या महिन्यात आईनं घरी येऊन बाबांना इतकं रंगवून सांगितलं, की आधी कॉफी, मग खजूर, मग गिळून झाल्यावर घशात व्हिस्कीची ऊब, की बाबा म्हणाले, “न पिताच चढली मला.” तिसऱ्या महिन्यात डेक्लन म्हणाले, आपण आयुष्यात बनवलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट असणार आहे. त्यांनी आयुष्यभर विमानांचे पंख दुरुस्त केले होते, म्हणून मला ते फार मोठं वाटलं.

चौथ्या महिन्यात ग्लास आईच्या हातात आला, तिनं घोट घेतला आणि तो तोंडात धरूनच ठेवला. डेक्लननी घेतला. मग फर्गलनी. “आंबट,” फर्गल म्हणाले. ग्लास फिरला. कुणी म्हणालं ओल्या चामड्याचा वास येतो, कुणी म्हणालं घोड्याच्या खोगिराचा. डेक्लननी बूच काढून विजेरी आत मारली. बिअरवर पांढरी, सुरकुतलेली साय धरली होती, आपल्याकडे तापवून ठेवलेल्या दुधावर येते तशी.

डेक्लननी विजेरी विझवली. मग फर्गल, कुणाकडेही न बघता, म्हणाले, “गोठ्यात बिअर केली की दुसरं काय होणार.”

ओवेननं टोपी मागे सरकवली. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं आईकडे पाहिलं आणि विचारलं, “मृणाल, तसं होऊ शकतं का?”

आणि आई तिच्या कारखान्यातल्या आवाजात म्हणाली, “शक्यता आहे. शेतावर असे जंतू जास्त असतात. धुळीत, गवतात, चाऱ्यात.”

“मग माझंच असणार,” ओवेन म्हणाला. “सॉरी, मित्रांनो. खरंच सॉरी.” त्यानं टार्टची बशी हलकेच कपाटावर ठेवली, टार्ट तसाच होता, आणि गाई वाट बघतायत असं सांगून तो निघून गेला. दुपारचे तीन वाजले होते. गाईंच्या धारेला अजून दोन तास होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

घरी आल्यावर आईनं जिन्याखालून त्या दहा बाटल्या काढल्या. कारखान्यात नेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. बाबा तसं म्हणालेही. “कंपनीचं यंत्र घरच्या कामाला नाही,” आई म्हणाली. तिनं दही आणि पीठ दुसरीकडे हलवलं, बाटल्यांची झाकणं सैल केली, आणि त्या हॉट प्रेसमध्ये ओळीनं उभ्या करून ठेवल्या. उबेत जे काही असेल ते तीन आठवड्यांत वर येईल. “खात्री झालेली बरी,” ती म्हणाली. तिच्या मनात ओवेनचीच बाटली होती, हे तिनं मला पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. तिला तिचं म्हणणं सिद्ध करायचं होतं.

तीन आठवड्यांनी मी शाळेतून आले तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. कोट अंगावर, पायांत बूट. हॉट प्रेसचं दार उघडं. नऊ बाटल्या स्वच्छ काळ्या. ओवेनचीही. दहावीच्या गळ्याशी पांढरी साय होती, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘मृणाल’ लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, “आई, बाटली फेकून दे. कुणाला कळणार आहे?” इंग्रजीतच म्हणाले, आणि भराभर म्हणाले. मला फर्गलचा वर्ग दिसत होता, त्यांचं ते भुवया उचलणं दिसत होतं. रात्री जेवताना बाबांनीही तेच जरा शहाणपणानं मांडलं. “बिअर काही परत चांगली होणार नाही. सांगून काय साधणार? विसरतील लोक.” आई वरणभात कालवत राहिली. आमचं म्हणणं तिनं खोडून काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं तसं केलं नाही. पुढचे दोन आठवडे ती गप्प होती. मंडळाच्या रविवारी तिनं डोकं दुखतंय म्हणून कळवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तिच्या माघारी लोक तिच्याबद्दल बोलतात तेव्हा ती जन्मतःच सरळ होती असं बोलतात. मी ते दोन आठवडे पाहिलेत. ती सिंकपाशी उभी राहून आपलं एकूण एक सामान पुन्हा धूत होती, आणि कुठे चुकलं ते शोधत होती.

सापडलं ते बादलीच्या तोटीत. साधी प्लास्टिकची तोटी. तिच्यातून सगळी बिअर बाहेर यायची. ती बादलीपासून वेगळी काढून उकळत्या पाण्यात टाकायची, हे आई नेमानं करायची. पण त्या तोटीचेही दोन भाग होते, एकात एक घट्ट बसलेले, आणि ते जोर लावून ओढले की सुटतात हे तिला ठाऊकच नव्हतं. सुटले तेव्हा आत करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. कारखान्यात प्रत्येक झडप खोलून तपासल्याशिवाय सही न करणारी बाई दोन वर्षं ही तोटी बाहेरून धूत होती. घरची बिअर लवकर संपून जायची, म्हणून आजवर काही दिसलं नव्हतं. तिनं ते दोन तुकडे पेपरावर ठेवले आणि ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

ओवेन आम्हाला सुपरमार्केटमध्ये भेटला, ब्रेडच्या रांगेपाशी. आईनं विचारलं, मंडळाच्या रविवारी तूही गेला नव्हतास म्हणे? त्यानं टोपी मागे सरकवली. “सामान देऊन टाकलं चुलतभावाला,” तो म्हणाला. “माझ्यासारख्यानं त्यात पडू नये. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, शेत ते शेतच.” मग त्यानं माझ्या परीक्षेची चौकशी केली आणि आईला एक ब्रेड काढून दिला, वरच्या फळीवरचा, तिचा हात पोचत नव्हता म्हणून.

गाडीत बसल्यावर आईनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. पिशव्या मांडीवर घेऊन मी वाट बघत होते. “सई,” ती म्हणाली, “मी त्याला न बघताच सांगितलं गं.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही ओवेनच्या शेतावर गेलो. तिनं मला चल म्हटलं नव्हतं. मीच गाडीत जाऊन बसले. ओवेन सकाळचं दूध काढून नुकताच मोकळा झाला होता आणि दोहनाच्या शेडमध्ये होता. आम्ही दारात थांबलो. ते दृश्य मला अजून लख्ख आठवतं. स्टीलच्या नळ्यांमधून वाफाळलेलं पाणी धडधडत फिरत होतं. गाईंच्या आचळांना लावायचे रबरी पेले एकेक सुटे करून मांडले होते. ओवेन एक जोड खोलून, त्यातली रबराची कडी नखानं बाहेर काढून, ती उजेडाकडे धरून बघत होता. फरशीवर पाणी निथळत होतं. शेडमध्ये दुधाचा वाससुद्धा नव्हता.

“हे रोज करतोस?” आईनं विचारलं.

“दोनदा. कधी गरम पाणी, कधी आम्ल. दूध न्यायला टँकर येतो, ते दर वेळी तपासतात. जंतू निघाले तर सगळी टाकी ओतून देतात.” मग त्याला वाटलं असावं की आपण फुशारकी मारतो आहोत, कारण तो म्हणाला, “सगळेच करतात.”

आई त्या सुट्या पेल्यांकडे बघत राहिली. मग तिनं पर्समधून पेपरात गुंडाळलेले तोटीचे दोन तुकडे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. “ओवेन, पिंप मी बिघडवलं. तुझी बाटली स्वच्छ आहे. माझी नाही. मला कळून दोन आठवडे झाले. आणि त्या दिवशी मी जे बोलले, ते तुझे बूट बघून बोलले.”

ओवेननं तुकडे उलटेसुलटे केले, आत बोट घातलं, वास घेतला. धंद्यातला माणूस धंद्यातली वस्तू बघतो तसा. मग म्हणाला, “माझी आई महिनाभर माझ्याशी जपून बोलतेय. तिला वाटतं मी आजारी आहे.” तुकडे आईला परत देत म्हणाला, “तुम्ही आत येऊन तिलाही सांगाल का?”

आणि आई आत गेली. त्या स्वयंपाकघरात, जिला ती आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती त्या बाईसमोर उभी राहून, तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. ओवेनच्या आईनं ऐकून घेतलं, किटली ठेवली आणि आम्हाला चहा दिला. ती रागावलेली होती, आणि चहा पिऊन होईपर्यंत रागावलेलीच राहिली. मला ते न्याय्य वाटलं.

मंडळाच्या पुढच्या रविवारी डेक्लनच्या शेडमध्ये आईनं दहाही बाटल्या टेबलावर मांडल्या. ओवेनही आला होता. दाराजवळ उभा होता. आईनं फार शब्द वापरले नाहीत. बाटल्या दाखवल्या, तोटी दाखवली, ती कशी सुटते ते करून दाखवलं, आणि तुकडे हातोहात फिरवले. “मला हे ठाऊक असायला हवं होतं,” ती म्हणाली. “आणि ठाऊक झाल्यावर लगेच सांगायला हवं होतं. ओवेनची मी माफी मागितली आहे. तुमची मागते.” तोटी फर्गलपर्यंत पोचली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिली, मग म्हणाले, “माझ्या बादलीलाही हीच आहे.” आणखी दोघं म्हणाले, माझ्याही. मग फर्गल दाराकडे गेले आणि ओवेनशी काहीतरी बोलले. काय, ते मला ऐकू आलं नाही. सोमवारी वर्गात त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या नाहीत. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावून एक अवघड उदाहरण दिलं, आणि मला ते आलं नाही.

पिंपातली बिअर ओतून द्यायचा कुणाला धीर होईना, म्हणून ती तशीच राहिली. उन्हाळा गेला. त्या सायीखाली तिनं काय केलं कोण जाणे, पण शरद ऋतूत खिळा काढला तेव्हा आंबटपणा मऊ झाला होता आणि त्यातून चेरीसारखं काहीतरी येत होतं. डेक्लनना ती फार आवडली. निम्म्या लोकांना आवडली, निम्म्यांनी आपला वाटा मोरीत ओतला. कुणीतरी आईला म्हणालं, “बघ, तुझ्या तोटीनं कमालच केली! ठरवलं होतं त्याहून भारी.” लोक हसले, आणि तिला त्यातून मोकळं होण्याची ती सोन्यासारखी संधी होती. आई म्हणाली, “चांगली आहे. पण आपण ही करायला निघालो नव्हतो. डेक्लनना हवी होती ती बिअर माझ्यामुळे झाली नाही.” आणि तिनं विषय बदलला. मी तिची मुलगी आहे आणि तिचे हट्ट, तिची चिडचिड, तिचं ते सतत बरोबर असणं, सगळं मी सोसलंय. पण त्या वाक्याची बरोबरी करेल असं काही मी माझ्या आयुष्यात बोललेले नाही.

पुढच्या पिंपात आधी स्पेनमधली लाल वाइन मुरली होती. ते आलं तेव्हा डेक्लन म्हणाले, ह्या वेळी बिअर करायच्या आधीच सगळ्यांनी रिकाम्या बादल्या घेऊन यायचं, आणि तपासायचं काम ओवेनचं. ओवेनला ते नको होतं. आईनंच त्याला फोन करून गळ घातली. त्या रविवारी शेडबाहेर नऊजण आपापल्या बादल्या हातात धरून रांगेत उभे होते, रेशनच्या दुकानापुढे उभे असावेत तसे. आई पहिली होती. ओवेननं तिची तोटी खोलली, दोन्ही भाग विजेरीनं पाहिले, वास घेतला. मग बादलीच्या भोकाभोवतीची रबराची कडी नखानं उचलली, उजेडाकडे धरली आणि थांबला. त्यानं टोपी मागे सरकवली. रांगेत कुणीतरी खोकलं.

“मृणाल,” तो हळूच म्हणाला, “ही कडी... माझी असती, तर मी पुन्हा उकळली असती.”

मी आईकडे पाहिलं. तिनं ती कडी घेतली, स्वतः उजेडाकडे धरली, चष्मा वर करून जवळून पाहिली. “बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. ती डेक्लनच्या स्वयंपाकघरात गेली, त्यांच्या बायकोकडून एक छोटं पातेलं मागून घेतलं, आणि घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटं शेगडीपाशी उभी राहिली. मग चिमट्यात ती कडी धरून बाहेर आली. ओवेननं तिला पुढे यायला हात केला. आईनं ‘नको’ अशी मान हलवली, आपली बादली उचलली, आणि रांगेच्या शेवटी, फर्गलच्या मागे जाऊन उभी राहिली.